कामाच्या ठिकाणी मद्य आणि अमली पदार्थांची चाचणी : नियम, मर्यादा आणि कर्मचाऱ्यांचे हक्क

नवी दिल्ली : कर्तव्यावर आलेल्या कर्मचाऱ्याने मद्य अथवा अमली पदार्थाचे सेवन केले आहे काय, हे तपासण्यासाठी सर्व क्षेत्रांना सारखाच लागू होणारा एकच कायदा भारतात अस्तित्वात नाही. विमान वाहतूक, रेल्वे, रस्ते वाहतूक, जहाजवाहतूक, कारखाने आणि शासकीय कार्यालये यांसाठी निरनिराळे नियम आहेत. चाचणी घेण्याचा अधिकार, मद्याची अनुज्ञेय मर्यादा आणि दोषी आढळल्यास होणारी कारवाई या तिन्ही बाबी क्षेत्रागणिक बदलतात. त्यामुळे श्वासचाचणीच्या यंत्रावर उमटलेला एकच आकडा रस्त्यावरील वाहनचालकाच्या बाबतीत गुन्हा ठरत नाही. मात्र तोच आकडा वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित होण्यास पुरेसा ठरतो.

या चाचण्यांच्या एका बाजूला प्रवाशांची आणि सहकाऱ्यांची सुरक्षितता असते, तर दुसऱ्या बाजूला कर्मचाऱ्याची उपजीविका आणि प्रतिष्ठा. म्हणूनच चाचणीचा निकाल जितका महत्त्वाचा, तितकीच ती घेण्याची पद्धतही महत्त्वाची मानली जाते. विविध क्षेत्रांतील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

विमान वाहतूक : मद्याची मर्यादा शून्य

देशातील सर्वांत काटेकोर नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, अर्थात डीजीसीएचे आहेत. विमान नियमावली, १९३७ मधील नियम २४ नुसार उड्डाणापूर्वीच्या १२ तासांत कर्मचाऱ्याने मद्यसेवन करण्यास मनाई आहे. मात्र १२ तास उलटले म्हणजे कर्मचारी आपोआप पात्र ठरतो, असे नव्हे. सुरक्षित उड्डाणासाठी शरीरातील मद्याचे प्रमाण शून्य असले पाहिजे, असे महासंचालनालयाच्या नियमांत नमूद आहे.

प्रवासी विमानातील वैमानिक आणि केबिन कर्मचारी यांची कर्तव्यकाळातील पहिल्या उड्डाणापूर्वी श्वासचाचणी होते. परदेशातून येणाऱ्या नियमित उड्डाणांच्या बाबतीत भारतातील पहिल्या विमानतळावर उतरल्यानंतर ही चाचणी घेतली जाते. पहिल्या चाचणीत मद्याचा अंश आढळल्यास १५ ते २० मिनिटांच्या अंतराने दुसरी चाचणी घ्यावी लागते. या अवधीत कर्मचाऱ्याला चेहरा धुण्याची आणि चूळ भरण्याची मुभा असते. दुसऱ्या चाचणीपूर्वी यंत्र योग्य रीतीने चालत असल्याची खातरजमा केली जाते आणि ही चाचणी साक्षीदारासमक्ष होते.

उड्डाणपूर्व चाचणीत प्रथमच दोषी आढळणाऱ्याचा परवाना तीन महिन्यांसाठी, दुसऱ्यांदा आढळल्यास तीन वर्षांसाठी निलंबित होतो. तिसऱ्या वेळी परवाना रद्द करण्याची तरतूद आहे. चाचणीस नकार देणे अथवा ती टाळण्यासाठी विमानतळावरून निघून जाणे हेही उल्लंघनच समजले जाते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये या नियमांत सुधारणा करण्यात आली. त्यानुसार मद्यार्काचा अंश असलेली औषधे, माउथवॉश किंवा दातांसाठीचे जेल वापरण्यास कर्मचाऱ्यांना मनाई करण्यात आली. अशा औषधाचे उपचार सुरू असल्यास उड्डाणाची जबाबदारी स्वीकारण्यापूर्वी कंपनीच्या डॉक्टरांचा सल्ला घेणे बंधनकारक आहे.

वैमानिकांपुरतीच ही व्यवस्था मर्यादित नाही. विमानांची देखभाल करणारे तंत्रज्ञ, हवाई वाहतूक नियंत्रक, धावपट्टीलगतच्या परिसरात वाहने चालविणारे आणि भूसेवा पुरविणारे कर्मचारी यांच्यासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. त्यांची चाचणी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे आधी कल्पना न देता निवड करून घेतली जाते.

अमली पदार्थांसाठी निराळी पद्धत

मद्याखेरीज अन्य मादक पदार्थांच्या चाचणीची नियमावली महासंचालनालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केली आणि ती ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यानुसार दरवर्षी किमान १० टक्के वैमानिक व उड्डाण कर्मचाऱ्यांची, तसेच हवाई वाहतूक नियंत्रकांची यादृच्छिक तपासणी करावी लागते. नव्याने नोकरीत येणाऱ्यांची आणि प्रशिक्षणार्थी वैमानिकांची तपासणी प्रवेशापूर्वीच होते. ॲम्फेटामाइन गटातील उत्तेजके, अफूजन्य पदार्थ, गांजा, कोकेन, बार्बिट्युरेट आणि बेन्झोडायझेपिन या गटांतील पदार्थ तपासले जातात.

प्राथमिक तपासणीत पदार्थाचा अंश आढळल्यास कर्मचाऱ्याला कामावरून बाजूला केले जाते; परंतु पुष्टी चाचणीचा अहवाल येईपर्यंत तो दोषी ठरत नाही. पुष्टी झाल्यानंतरही पहिल्या वेळी त्याला व्यसनमुक्ती आणि पुनर्वसनासाठी पाठविले जाते. नंतरची चाचणी निर्दोष आल्यावर आणि वैद्यकीय पात्रतेचे प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याला कामावर परतता येते. दुसऱ्यांदा दोषी आढळल्यास तीन वर्षांचे निलंबन आणि तिसऱ्यांदा परवाना रद्द, असा कारवाईचा क्रम आहे.

रेल्वे : आठ तासांचे बंधन

गाड्यांच्या वाहतुकीशी थेट संबंध असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याने कर्तव्य सुरू होण्यापूर्वीच्या आठ तासांत मद्य, गुंगी आणणारे अथवा उत्तेजक पदार्थ घेऊ नयेत, असे रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत नमूद आहे. लोको पायलट आणि गाडीचे व्यवस्थापक, म्हणजे पूर्वीचे गार्ड, यांची कामावर रुजू होताना आणि काम संपविताना क्रू लॉबीमध्ये श्वासचाचणी घेतली जाते.

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १७२ नुसार कर्तव्यावर नशेत आढळणाऱ्या कर्मचाऱ्यास ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या अवस्थेत काम केल्याने प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात येण्याचा संभव असल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विभागीय शिस्तभंगाची कारवाई याहून स्वतंत्र असते आणि प्रत्यक्षात कर्मचाऱ्याच्या नोकरीचे भवितव्य तिच्यावरच ठरते.

व्यावसायिक वाहनचालक आणि ३० मिलिग्रॅमची मर्यादा

बस, ट्रक, टॅक्सी अथवा कार्यालयीन वाहन चालविणाऱ्यांना खासगी मोटारचालकांप्रमाणेच मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८५ लागू होते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. तर पुढील गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अमली पदार्थांच्या बाबतीत कायद्याने असा आकडा ठरविलेला नाही. वाहनावर योग्य नियंत्रण ठेवता येऊ नये इतका प्रभाव असणे, हा तेथील निकष आहे.

फौजदारी कायद्यातील ही मर्यादा वाहतूक संस्थेच्या शिस्तीची मर्यादा असेलच, असे नाही. चालकाने मद्याचा कोणताही अंश नसताना कामावर यावे, अशी अट संस्था आपल्या सेवानियमांत घालू शकते. त्यामुळे २० मिलिग्रॅम प्रमाण आढळलेल्या चालकावर पोलिसांत गुन्हा दाखल होणार नाही. पण विभागीय कारवाई होऊ शकते.

जहाजावरील कर्मचारी

कोकण किनारपट्टी आणि गोव्यातील अनेक कुटुंबांचा उदरनिर्वाह ज्या व्यापारी जहाजांवरील नोकऱ्यांवर चालतो, तेथे आंतरराष्ट्रीय निकष लागू होतात. खलाशांचे प्रशिक्षण व प्रमाणपत्र यांविषयीच्या एसटीसीडब्ल्यू करारातील मनिला सुधारणा १ जानेवारी २०१२ पासून अमलात आल्या. त्यांनुसार सुरक्षिततेशी निगडित कामे करणारे अधिकारी आणि खलाशी यांच्या रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०५ टक्क्यांहून, तर श्वासातील प्रमाण लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. जहाज कंपन्या करारपत्राद्वारे याहून कडक अटी घालू शकतात. त्यामुळे सेवेत दाखल होताना सही केलेल्या करारातील मद्यविषयक कलम वाचणे आवश्यक ठरते.

कारखाने, खासगी आस्थापना आणि शासकीय सेवा

कारखाने व खासगी कार्यालयांतील चाचण्यांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. तेथे मालकाचा अधिकार स्थायी आदेश, सेवानियम आणि नियुक्तिपत्रातील अटी यांतून निर्माण होतो. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ च्या काळापासून आस्थापनेच्या आवारातील मद्यधुंद वर्तन हे गैरवर्तनाच्या यादीत समाविष्ट होत आले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची तरतूद ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. कामाच्या ठिकाणी नशेत असणे हे गैरवर्तन आहे. सुटीच्या दिवशी घरी कायदेशीररीत्या मद्य घेणे हे सामान्यतः नाही. सेवानियमांत चाचणीची तरतूदच नसेल, तर केवळ संशयावरून घेतलेल्या चाचणीच्या आधारे केलेली कारवाई कामगार न्यायालयात टिकविणे व्यवस्थापनाला कठीण जाऊ शकते. याउलट, क्रेन, बॉयलर किंवा ज्वलनशील रसायनांशी संबंधित कामांवर चाचणीची अट घालणे सुरक्षिततेच्या कारणास्तव समर्थनीय ठरते.

केंद्रीय कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ चा नियम २२ लागू आहे. कर्तव्यावर असताना मादक पेय वा पदार्थाच्या प्रभावाखाली नसणे, सार्वजनिक ठिकाणी मद्यसेवन न करणे आणि नशेच्या अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी न येणे ही बंधने त्यात आहेत.

दारूबंदी असलेली राज्ये

गुजरात आणि बिहारमध्ये प्रश्न केवळ शिस्तीचा राहत नाही, कारण तेथे मद्यसेवन हाच गुन्हा आहे. बडोदा, सुरत, अहमदाबाद येथे नोकरीस असलेल्या मराठी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत कामावरील चाचणीतून फौजदारी प्रकरणही उद्भवू शकते. महाराष्ट्रातही १९४९ चा दारूबंदी अधिनियम कायम असून त्यानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. या कायद्याखाली संशयित व्यक्तीला नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासमोर तपासणीसाठी हजर करण्याचा अधिकार पोलीस आणि दारूबंदी अधिकाऱ्यांना आहे. खासगी मालकाला नाही.

श्वास, रक्त आणि मूत्र : चाचणी नेमके काय सांगते

श्वासचाचणी त्या क्षणी शरीरात असलेल्या मद्याचा अंदाज देते. तोंडात उरलेल्या मद्यार्कामुळे चुकीचा आकडा येऊ शकतो. १५ मिनिटांच्या अवधीत हा परिणाम ओसरतो. दुसऱ्या चाचणीपूर्वीच्या प्रतीक्षेचे हेच शास्त्रीय कारण आहे.

मद्य शरीरातून सावकाश बाहेर पडते. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीच्या १०० मिलिलिटर रक्तातून तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम मद्यार्क कमी होतो. मध्यरात्री हे प्रमाण १५० मिलिग्रॅम असेल, तर सकाळी सहा वाजता ते सुमारे ६० मिलिग्रॅम, म्हणजे रस्त्यावरील मर्यादेच्या दुप्पट असू शकते. झोप, चहा-कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांमुळे हा वेग वाढत नाही. पहाटेच्या पाळीतील कर्मचारी शुद्धीत व ताजेतवाने वाटत असतानाही चाचणीत अडकतात, त्यामागे हे गणित आहे.

मूत्रचाचणीचे स्वरूप वेगळे आहे. ती पदार्थाचे पूर्वी सेवन झाल्याचे दर्शविते. कर्मचारी त्या वेळी नशेत होता काय, हे सांगत नाही. गांजातील घटक अधूनमधून सेवन करणाऱ्याच्या मूत्रात काही दिवस, तर नित्य सेवन करणाऱ्याच्या मूत्रात काही आठवडे आढळू शकतात. भांगेचा प्रश्न यातूनच निर्माण होतो. एनडीपीएस या नावाने परिचित असलेल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजाच्या व्याख्येत नुसत्या पानांचा समावेश नाही आणि काही राज्यांत भांगेची परवानाधारक विक्री होते. परंतु प्रयोगशाळेतील चाचणी पान आणि फुलोरा असा भेद करीत नाही. महाशिवरात्र किंवा होळीला घेतलेली भांग चाचणीत गांजाप्रमाणेच नोंदली जाते.

कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, झोपेच्या किंवा चिंतेवरील काही गोळ्या, इतकेच नव्हे तर मोठ्या प्रमाणात खाल्लेली खसखस यांमुळेही प्राथमिक चाचणीचा निकाल होकारार्थी येऊ शकतो. म्हणून प्राथमिक तपासणीनंतर वायू किंवा द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन या अधिक अचूक पद्धतींनी पुष्टी करणे शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक मानले जाते.

न्यायालयांची भूमिका

तोंडाला येणारा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यसेवनाचा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी रक्त व मूत्र तपासणी आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात नमूद केले. पाटणा उच्च न्यायालयानेही केवळ श्वासचाचणीचा अहवाल हा मद्यसेवनाचा निर्णायक पुरावा मानण्यास नकार दिला आहे.

अर्थात, विभागीय चौकशीत फौजदारी खटल्याइतका कठोर पुरावा लागत नाही. शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते, हे पाहिले जाते. शिवाय सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तेथे न्यायालये सहजासहजी सहानुभूती दाखवीत नाहीत. जवानांना घेऊन जाणारे वाहन मद्यप्राशन करून चालविणाऱ्या उत्तर प्रदेशातील चालकाच्या प्रकरणात, अपघात किरकोळ होता आणि मोठी हानी झाली नाही हे दयेचे कारण होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. तथापि त्याची २५ वर्षांची सेवा विचारात घेऊन बडतर्फीऐवजी सक्तीच्या निवृत्तीची शिक्षा देण्यात आली.

चाचणीस नकार दिल्यास

खासगी मालक कर्मचाऱ्याचे रक्त वा मूत्र बळजबरीने घेऊ शकत नाही. मात्र सेवानियमांत चाचणीची अट असल्यास नकार हेच गैरवर्तन ठरू शकते. विमान वाहतुकीत तो थेट उल्लंघनात गणला जातो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०५ नुसार वाहनचालकाने सबळ कारणाशिवाय चाचणी नाकारल्यास ती बाब खटल्यात त्याच्याविरुद्ध विचारात घेता येते. ज्या कर्मचाऱ्याचा यंत्राच्या निकालावर आक्षेप आहे, त्याच्यासाठी नकारापेक्षा लेखी आक्षेप नोंदवून तत्काळ रक्ततपासणीची मागणी करणे अधिक हिताचे असते. कारण तासागणिक पुरावा नाहीसा होत जातो.

अपघात आणि नुकसानभरपाई

अपघातग्रस्त कामगार नशेत होता, या कारणावरून कुटुंबाला भरपाई नाकारली जाते, असा समज आहे. कायदा तसे सरसकट म्हणत नाही. पूर्वीच्या कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ च्या कलम ३ नुसार अपघात थेट मद्य वा अमली पदार्थाच्या प्रभावामुळे झाला असेल, तर मालकाची जबाबदारी टळत असे. मात्र मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास हा बचाव उपलब्ध नसे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हेच तत्त्व कायम ठेवण्यात आले आहे. त्यामुळे मृत कामगाराच्या वारसांनी केवळ वैद्यकीय अहवालातील मद्याच्या उल्लेखावरून दावा सोडून देण्याचे कारण नाही.

गोपनीयता आणि उपचार

चाचणीचा अहवाल ही आरोग्यविषयक माहिती आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. त्या दृष्टीने असा अहवाल संबंधित अधिकाऱ्यांपुरता मर्यादित राहणे अपेक्षित असून, तो सूचनाफलकावर अथवा सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात जाहीर करणे समर्थनीय ठरत नाही.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला आहे. त्यामुळे उपचार घेणाऱ्या व्यक्तीला त्या कायद्याखालील गोपनीयतेचा हक्क मिळतो. एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ अमली पदार्थाच्या सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते.

कर्मचाऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

आपल्या सेवानियमांत कोणती मर्यादा आणि किती तासांचे बंधन आहे, हे नियुक्तीच्या वेळीच जाणून घ्यावे. डॉक्टरांनी दिलेल्या औषधांची चिठ्ठी जपून ठेवावी आणि ती चाचणीपूर्वी दाखवावी. निकालानंतर दिलेल्या स्पष्टीकरणाला तितके वजन राहत नाही. निकाल प्रतिकूल आल्यास दुसरी चाचणी मागावी. यंत्रातून निघालेली छापील नोंद, वेळ आणि साक्षीदाराचे नाव यांची प्रत घ्यावी. मूत्राचा नमुना आपल्यासमक्ष मोहोरबंद झाल्याची खात्री करावी आणि वाचल्याखेरीज कोणत्याही कबुलीजबाबावर सही करू नये. बडतर्फीपूर्वी आरोपपत्र, उत्तर देण्याची संधी आणि चौकशी हा नैसर्गिक न्यायाचा भाग आहे.

व्यसनाची समस्या असल्यास चाचणीत सापडण्यापूर्वी मदत घेणे नोकरीच्या दृष्टीनेही सुरक्षित असते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर निःशुल्क समुपदेशन आणि जवळच्या उपचार केंद्राची माहिती उपलब्ध आहे.